सातबाऱ्यावर वारस लावतो, मग ब्रँडवर का नाही?

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते, तेव्हा ते याच बंगल्यात थांबले होते. यात्रेत पुस्तकं, कॅलेंडर, मूर्ती, निळे झेंडे यांचे स्टॉल लागतात. अलीकडे त्यात आपल्या महिला बचत गटांचेही स्टॉल दिसतात. कळण्याचं पीठ, बिबड्या, उडदाचे पापड, काळा मसाला. पाकिटावर छापलेलं नाव, रंगीत चित्र आणि नावाच्या शेजारी छोटासा गोल 'आर'. हे बघून बरं वाटतं. आपली माणसं फक्त मजूर राहिली नाहीत, स्वतःच्या नावाचा माल विकू लागली आहेत.

अशाच एका स्टॉलवर दोन वर्षांपूर्वी एका गटाची ओळख झाली. धुळे तालुक्यातलं गाव, बौद्धवस्तीतल्या अकरा बाया. जळगावच्या एका व्यापाऱ्याला त्यांचा मसाला आवडला होता. माल दुकानांमध्ये ठेवायला तो तयार होता, फक्त त्याने ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र मागितलं. प्रमाणपत्र निघालं तेव्हा त्यावर गटाचं नाव नव्हतं. वस्तीतल्या एका शिकलेल्या तरुणाने नऊ वर्षांपूर्वी धावपळ करून अर्ज भरला होता आणि फी कमी लागते म्हणून स्वतःच्या वैयक्तिक नावावर भरला होता. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण तो तरुण मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याची बायको दोन लहान मुलांना घेऊन माहेरी राहायला गेली. आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका व्यापाऱ्याने तिच्या भावाला निरोप पाठवला की, "ते नाव आम्हाला विकून टाका."

गटाच्या अध्यक्ष मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, नाव ते आमनंच शे ना?"

मला लगेच "हो" म्हणता आलं नाही. हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

नोंदवही काय म्हणते?

शेतीचं उदाहरण आपल्याला पटकन कळतं. बाप गेला की आपण तलाठ्याकडे जातो, वारस नोंद करतो, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर नावं चढतात. विहाराच्या किंवा मंडळाच्या ट्रस्टचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना 'चेंज रिपोर्ट' माहीत असतो. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. तो वेळेवर न दिल्यामुळे किती संस्थांमध्ये दहा-दहा वर्षं भांडणं चालली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

ट्रेडमार्कचंही तसंच आहे. देशात एक नोंदवही आहे. तिचं कामकाज मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबाद या पाच कार्यालयांतून चालतं. आपला महाराष्ट्र मुंबई कार्यालयाखाली येतो. त्या नोंदवहीत ज्याचं नाव मालक म्हणून लिहिलेलं आहे, त्यालाच कायदा प्रथमदर्शनी मालक मानतो. घाम कोणी गाळला, मसाला कोणी कुटला, हे नोंदवहीला दिसत नाही. ते दाखवायचं असेल तर पुरावे घेऊन कोर्टात जावं लागतं.

मालकी बदलण्याचे मार्ग ट्रेडमार्क कायदा, १९९९ ने दोन सांगितले आहेत. पहिला अभिहस्तांतरण, म्हणजे विक्री, बक्षीस किंवा वाटणीने एका माणसाने दुसऱ्याला दिलेला हक्क. हा लेखी असावा लागतो; तोंडी शब्दाला किंमत नाही. दुसरा संक्रमण, म्हणजे कायद्याने आपोआप गेलेला हक्क. मालक वारला आणि वारसांकडे हक्क आला, ही त्याची नेहमीची तऱ्हा.

दोन्ही बाबतीत हक्क मिळाला म्हणजे काम संपलं, असं नाही. कलम ४५ म्हणतं की ज्याला असा हक्क मिळाला आहे, त्याने आपलं नाव नोंदवण्यासाठी रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा. हाच ट्रेडमार्कचा 'फेरफार'.

अर्ज केला नाही तर काय होतं?

त्याच कलमात एक वाक्य आहे आणि प्रत्येक गटाने ते लक्षात ठेवावं. जोपर्यंत असा अर्ज दाखल होत नाही, तोपर्यंत ते हस्तांतरण अशा तिऱ्हाईत माणसावर लागू होत नाही, ज्याने त्याची माहिती नसताना त्याच ट्रेडमार्कमध्ये विरोधी हक्क मिळवला आहे.

साध्या भाषेत सांगायचं तर असं. समजा, मालकाने आज तुमच्या संस्थेला ब्रँड लिहून दिला. तुम्ही स्टॅम्पपेपर कपाटात ठेवला आणि अर्ज केला नाही. सहा महिन्यांनी त्याने किंवा त्याच्या वारसाने तोच ब्रँड दुसऱ्याला विकला. त्या दुसऱ्याला तुमच्या कागदाची कल्पना नव्हती. नोंदवही बघितली तर तिथे जुनंच नाव. अशा वेळी तुमचा कागद त्याच्यासमोर टिकत नाही. तुम्ही लिहून देणाऱ्यावर दावा करू शकता, पण ब्रँड हातून जाऊ शकतो.

यात एक दिलासाही आहे. कायद्याने 'अर्ज मंजूर झाला' असं म्हटलेलं नाही, 'अर्ज दाखल झाला' असं म्हटलं आहे. म्हणून कार्यालयात वेळ लागला तरी, अर्जाची पावती लवकर हातात असणं महत्त्वाचं.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. ट्रेडमार्कची नोंदणी १० वर्षांची असते. दर १० वर्षांनी फी भरून ती पुढे नेता येते, कितीही वेळा. मुदत संपण्याआधी कार्यालय सूचना पाठवतं, पण ती जाते नोंदवहीतल्या मालकाच्या पत्त्यावर किंवा त्याच्या एजंटकडे. मालक हयात नसेल, पत्ता बदलला असेल, तर सूचना येऊन पडते आणि कोणाला कळत नाही. मुदत संपल्यावर जादा फी भरून ६ महिन्यांपर्यंत नूतनीकरण करता येतं. त्यानंतर, मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत, पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो. तेही हुकलं की नाव नोंदवहीतून जातं. आमच्या गटाची १० वर्षांची मुदत संपायला तेव्हा जेमतेम काही महिने उरले होते.

अमळनेरची कंपनी आणि तीन वेगळे बदल

मालकी बदलणं आणि नाव बदलणं यात बरेच जण गोंधळतात. त्यासाठी आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं एक मोठं उदाहरण बघू. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. वनस्पती तूप आणि कपड्याचा साबण हा तिचा माल. हीच पुढे विप्रो झाली.

१९६६ मध्ये मोहम्मद प्रेमजी वारले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार बघू लागले. इथे ब्रँडची मालकी बदलली का? नाही. कारण माल आणि नावं कंपनीची होती, माणसाची नव्हती. माणूस गेला तरी कंपनी तीच राहते. अमळनेरच्या अनेक कुटुंबांकडे विप्रोचे शेअर आहेत, म्हणून ती कुटुंबं त्या नावाची मालक होत नाहीत. हीच गोष्ट एखाद्या माणसाच्या वैयक्तिक नावावर ब्रँड असता तर पूर्ण वेगळी झाली असती.

१९८२ मध्ये विप्रो प्रॉडक्ट्स लिमिटेडचं नाव विप्रो लिमिटेड झालं. हा फक्त नावातला बदल. मालक तोच, पाटी नवी. याचीही नोंद करायची असते, पण ती हस्तांतरणाची नोंद नसते.

२०१३ मध्ये साबण, दिवे वगैरे व्यवसाय विप्रो लिमिटेडमधून वेगळे काढून विप्रो एंटरप्रायझेसकडे दिले गेले. संतूर साबण आज त्या दुसऱ्या कंपनीच्या घरात आहे. आता मात्र कायद्याच्या नजरेत व्यक्तीच बदलते. अशा विभाजनात कोणता ट्रेडमार्क कोणाकडे जाणार, हे कागदावर ठरवावं लागतं आणि मग नोंदवहीत उतरवावं लागतं.

मृत्यू, नावबदल, विभाजन. मोठ्या कंपनीकडे यासाठी वकिलांची फौज असते. आपल्याकडे गटाचं एक रजिस्टर असतं आणि ते लिहिणारी एक ताई. म्हणूनच आपण जास्त जागरूक राहायला हवं.

नावबदलाचा मुद्दा आपल्या समाजात विशेष लागू पडतो. आपल्यापैकी अनेकांनी राजपत्रात जाहिरात देऊन नाव किंवा आडनाव बदललं आहे. लग्नानंतर बहिणींची नावं बदलतात. ट्रेडमार्क जुन्या नावावर आणि आधार, बँक खातं नव्या नावावर, असं असेल तर राजपत्राची प्रत लावून नावबदलाचा अर्ज करून टाकावा. पत्ता बदलला तरी तेच.

अर्ज कसा करायचा?

६ मार्च २०१७ पासून नवे ट्रेडमार्क नियम लागू झाले आणि पूर्वीचे ढीगभर फॉर्म कमी होऊन आठ राहिले. नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कच्या मालकीतल्या बदलासाठी 'टीएम-पी' हा फॉर्म आहे. नाव आणि पत्ता बदलायलाही हाच. जुन्या कागदांत 'टीएम-२४' असा उल्लेख दिसला तर गोंधळू नका, तो आधीच्या नियमांतला फॉर्म होता. नव्या मालकाच्या नोंदीसाठी ऑनलाइन फी एका ट्रेडमार्कला ९,००० रुपये आहे आणि कार्यालयात कागदावर दिल्यास १०,००० रुपये. एजंटची किंवा वकिलाची फी वेगळी. ती आधी विचारून, लिहून घ्यावी.

कागद कोणते लागतात, हे मार्गावर अवलंबून आहे.

विक्री, बक्षीस किंवा वाटणी असेल तर लेखी करारनामा. त्यात ट्रेडमार्कचा नंबर, वर्ग, कोणत्या मालासाठी, किती मोबदला आणि कोणत्या तारखेपासून, हे स्पष्ट हवं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे योग्य मुद्रांक शुल्क भरा. कमी मुद्रांकाचा कागद पुराव्यात घेतला जात नाही.

मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा. मृत्युपत्र असेल तर ते, नसेल तर दिवाणी न्यायालयातून मिळणारा वारस दाखला, शिवाय इतर वारसांची संमती. इथे दोन गोष्टी आपल्या लोकांना माहीत नसतात. पहिली, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना समान हिस्सा मिळतो. म्हणजे 'फक्त बायकोची सही घेतली' एवढं पुरत नाही. मुलं अल्पवयीन असतील तर त्यांच्या हिश्श्याबद्दल वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय काही लिहून घेऊ नका. दुसरी, तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीपुरती असते. ती दाखवून ट्रेडमार्क आपोआप नावावर होत नाही.

आणखी एक अडचणीची जागा आहे. ब्रँड 'व्यवसायाच्या नावलौकिकासह' देता येतो किंवा नावलौकिक सोडून नुसतं चिन्हही देता येतं. पण नावलौकिक सोडून दिलं असेल, तर कलम ४२ प्रमाणे ६ महिन्यांच्या आत रजिस्ट्रारकडे जाऊन जाहिरातीबद्दल निर्देश घ्यावे लागतात आणि तशी जाहिरात द्यावी लागते. ही मुदत फार तर ३ महिन्यांनी वाढते. हे केलं नाही तर हस्तांतरणच अंमलात येत नाही. म्हणून करार लिहिताना 'नावलौकिकासह' हा शब्द आहे की नाही, हे वाचून बघा.

वारसांमध्ये किंवा पक्षांमध्ये मालकीवरून वाद असेल, तर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत रजिस्ट्रार नोंद नाकारू शकतो. म्हणजे वाद मिटवून गेलो तर काम सोपं, वाद घेऊन गेलो तर लांबणीवर.

वापरण्याची परवानगी म्हणजे मालकी नाही

आपल्याकडे बऱ्याच जागी 'नाव त्याचं, वापरतो आम्ही' असं चाललेलं असतं. कायद्यात याला जागा आहे. मालक दुसऱ्याला वापराची परवानगी देऊ शकतो आणि ती नोंदवताही येते. पण परवानगी मालकाच्या मर्जीवर असते. ती मालकीच्या जागी धरू नये.

काही ठिकाणी तर हस्तांतरणच होऊ शकत नाही. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जळगाव केळीचं मानांकन तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे नोंदलेलं आहे. असं मानांकन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याने तशी मनाईच केली आहे. शेतकरी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवू शकतो आणि तो वारला तर त्याचा हक्क वारसाकडे जातो. हे आपल्या भूमिहीन किंवा अल्पभूधारक, पण केळीच्या मळ्यावर किंवा प्रक्रियेत राबणाऱ्या तरुणांनीही समजून घ्यावं. समूहाचं नाव समूहाकडेच राहावं, यासाठी हा कायदा वेगळा ठेवला आहे.

नोंदवहीतलं नाव किती महत्त्वाचं असतं, हे २०२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. इटलीच्या प्राडा कंपनीने फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात येऊ शकतात, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. कोल्हापुरीचे ते मालक म्हणजे आपल्याकडचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर. चामड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या हातांची बाजू बरोबर असली, तरी कोर्टाने आधी विचारलं की नोंदवहीत नाव कोणाचं आहे.

जे कोणाच्याच मालकीचं नाही

आपल्या तरुणांना ब्रँडसाठी तथागतांचं नाव किंवा धम्मचक्र वापरावंसं वाटतं. भावना समजते. पण 'लॉर्ड बुद्धा' हे शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवू नयेत, असा केंद्र सरकारचा निर्देश जुन्या १९५८ च्या कायद्याच्या काळापासून आहे. 'अशोक चक्र' आणि 'धर्मचक्र' हे शब्द १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत आहेत. 'रामायण' हे अगरबत्तीचं नाव म्हणून एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. हे योग्यच आहे. जे सगळ्यांचं आहे, ते एकाच्या नावावर चढायला नको आणि विकलं तर मुळीच जायला नको. ब्रँडसाठी आपल्या गावाचं, बोलीचं, कष्टाचं एखादं वेगळं नाव शोधा.

त्या गटाचं काय झालं?

आम्ही सगळ्यात आधी त्या तरुणाच्या बायकोला भेटलो. गटातल्या काही जणींना ती 'विकायला निघालेली' वाटत होती. तिच्याशी बोलल्यावर कळलं की तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मुलांच्या शाळेची फी भरायची होती आणि नवऱ्याच्या मागे राहिलेली हीच एक गोष्ट विकण्यासारखी होती. समाजशास्त्र शिकताना 'मालकी म्हणजे सामाजिक नातं' हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या ओसरीवर ते समजलं. अकरा बायांचे कष्ट खरे होते आणि त्या विधवेचा हक्कही खरा होता.

तीन बैठका झाल्या. सासू आणि सून दोघी बसल्या. गटाने ठरवलं की मोबदला द्यायचा, हप्त्याने का होईना. बायांनी आधी सहकारी संस्था नोंदवली, कारण पुन्हा एका व्यक्तीच्या नावावर ठेवायचं नव्हतं. मुलांच्या हिश्श्यासाठी वकिलांकडून कागद नीट करून घेतले. मग वारसांची नोंद, वारसांकडून संस्थेला नावलौकिकासह हस्तांतरण आणि नूतनीकरण, अशा क्रमाने अर्ज गेले. फी, मुद्रांक, प्रवास मिळून गटाची दिवाळीची कमाई त्यात गेली. नऊ वर्षांपूर्वीच संस्थेच्या नावावर अर्ज भरला असता तर यातलं बहुतेक काही लागलं नसतं.

म्हणून तरुण मित्रांना आणि कार्यकर्त्यांना एवढीच विनंती. तुमच्या वस्तीतल्या गटाच्या पाकिटावर जे नाव आहे, ते ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधा. शोध मोफत आहे, वकील लागत नाही. मालक म्हणून कोणाचं नाव आहे, तो माणूस हयात आहे का, पत्ता कोणता आहे, मुदत कधी संपते, या चार गोष्टी गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चूक दिसली तर माणसं बोलती आहेत, नाती गोड आहेत, तोवरच दुरुस्त करून घ्या. धम्म परिषदेत आणि जयंतीच्या नियोजनाच्या बैठकीत या विषयाला अर्धा तास द्या.

मावशींना आता उत्तर देता येतं. होय, नाव तुमचंच आहे आणि आता ते कागदावरही चढतं आहे.

जयभीम!